इंडिया गेट बघायला जाताय? मग भुसावळकराचं थोडं ऐकून जा

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, कारण आमच्या घरातच यावर दोन दिवस वाद चालला होता. इंडिया गेट दिल्लीत आहे आणि समुद्राकाठी आहे तो मुंबईचा गेटवे. माझी आत्या शिरपूरची, तिने मुंबईचा गेटवे दोनदा बघितलाय, म्हणून तिचं म्हणणं की "तोच तं शे ना, परत काय देखानं?" तिला सांगितलं की बाई, गेटवे २६ मीटर आहे अन् हा ४२ मीटर, गेटवे राजा-राणी आले म्हणून बांधला अन् हा लढाईत मेलेल्या सैनिकांसाठी. तेव्हा कुठे तिने बॅग भरायला घेतली.

मी दोनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा कॉलेजच्या ग्रुपबरोबर, तेव्हा वीस मिनिटात सेल्फी काढून पळालो अन् काहीच बघितलं नाही असं म्हटलं तरी चालेल. दुसऱ्यांदा गेल्या फेब्रुवारीत आई-बाबा, आत्या आणि माझा आठ वर्षांचा मुलगा असे सगळे गेलो, अन् तेव्हा कळलं की इथे निदान दोन वेळा जायला पाहिजे, एकदा सकाळी अन् एकदा संध्याकाळी. ते का, ते पुढे सांगतोच.

जायचं कसं, तर आपल्याला खान्देशवाल्यांना याबाबतीत नशीबच काढलंय म्हणा, दिल्लीची मेन लाइन दारावरून जाते. पंजाब मेल, कर्नाटक एक्सप्रेस, झेलम, गोवा एक्सप्रेस, सचखंड, भुसावळला उभं राहिलं की काही ना काही सापडतंच. अकराशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, साध्या मेल-एक्सप्रेसला सोळा ते वीस तास धरून चाला. मुंबईहून निजामुद्दीनला जाणारी राजधानी जळगावला थांबते, ती लवकर पोचवते पण तिकीट तसंच आहे आणि भुसावळवाल्यांना तेवढ्यासाठी उलटं जळगावला जावं लागतं. धुळेकरांनी चाळीसगाव किंवा जळगाव गाठायचं, नंदुरबारवाल्यांनी तापी लाइनने भुसावळला यायचं. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस राहिलेलं नाही, त्यामुळे दिवाळी अन् उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर त्या दिवशी सकाळी आठला मोबाईल हातात घेऊन बसा. तत्काळच्या भरवशावर म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघू नका, आमचा एक मित्र निघाला होता आणि झाशीपर्यंत दरवाज्यात बसून गेला.

डब्याचं सांगायची गरज नाही पण सांगतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तळलेल्या मिरच्या अन् केळी. दशमी दुधात मळलेली असली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ राहते. भरीत नेऊ नका, आईने हट्टाने नेलं होतं, इटारसीच्या आत संपवावं लागलं आणि पूर्ण डब्यात वास, समोरच्या बर्थवरचे पंजाबी काका मात्र खुश, त्यांनी दोनदा मागून घेतलं. बुऱ्हाणपूर गेलं की उजेड असेल तर खिडकीपाशी बसा, त्या बाजूला असीरगडाचा डोंगर आहे. आपल्या फारुकी सुलतानांचा किल्ला, दख्खनचा दरवाजा म्हणायचे त्याला, अकबराने १६०१ मध्ये घेतला अन् खान्देश दिल्लीच्या ताब्यात गेला. बाबा दर वेळी ही गोष्ट सांगतात, रेल्वेत नोकरी झालीये ना त्यांची, या लाइनवरचा एकही दगड सोडत नाहीत.

कधी जायचं? फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा, नाहीतर ऑक्टोबर. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, गाड्या सहा-सहा आठ-आठ तास लेट होतात अन् पोचल्यावर कमान समोर असून दिसत नाही असं पण होतं. नोव्हेंबरात हवा इतकी खराब असते की ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी तर नावच काढू नका. मे-जूनचं म्हणाल तर आपण भुसावळचं पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्री काढलेली माणसं, दिल्लीच्या उन्हाला काय घाबरायचं असं वाटतं, पण तिथे मोकळं मैदान आहे, खाली दगड तापतो अन् लू चालते, उगाच शहाणपणा नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जानेवारीच्या मध्यापासून २९ तारखेपर्यंत जाऊ नका. २६ जानेवारीच्या परेडची तयारी चालू असते, रस्ते बंद, स्टँड लावलेले, कुठून आत जायचं ते पोलीस सांगतात अन् प्रत्येक पोलीस वेगळं सांगतो. परेडच बघायची असेल तर गोष्ट वेगळी, त्याची तिकिटं वेगळी काढावी लागतात.

गाडी नवी दिल्लीला उतरवते किंवा हजरत निजामुद्दीनला. निजामुद्दीनहून इंडिया गेट जवळ आहे, पाच किलोमीटर असेल. आम्ही तिथे उतरलो, बाहेर एका रिक्षावाल्याने तीनशे सांगितले, बाबा म्हणाले मीटर टाक, तो हसला. मग दुसरा मीटरने यायला तयार झाला तर शंभरच्या आतच काम झालं. तेव्हा पहिल्या रिक्षात बसू नका, थोडं चालत मेन रोडवर या, किंवा मोबाईलवरून गाडी बोलवा. नवी दिल्ली स्टेशनवरून मेट्रो सोपी, यलो लाइन पकडायची अन् सेंट्रल सेक्रेटरिएटला उतरायचं. पण तिथून इंडिया गेटपर्यंत दोन किलोमीटरच्या वर चालणं आहे हे कोणी सांगत नाही. तरुण असाल तर ते चालणंच मजेशीर आहे, कारण तुम्ही कर्तव्य पथावरून चालत जाता, ज्याला आधी राजपथ म्हणायचे अन् इंग्रजांच्या काळात किंग्जवे, २०२२ च्या सप्टेंबरात नाव बदललं. दोन्ही बाजूला हिरवळ, पाण्याचे कालवे, जांभळाची झाडं, अन् समोर कमान हळूहळू मोठी होत जाते. सोबत गुडघेवाले असतील तर सरळ रिक्षाच करा.

एक लक्षात ठेवा, कमानीभोवती षटकोनी गोल रस्ता आहे, त्याला सी-हेक्सागॉन म्हणतात, त्यावर गाड्या थांबतच नाहीत आणि कुठूनही रस्ता ओलांडायला जाऊ नका. भुयारी रस्ते केलेत, त्यातून जायचं. त्या गोलाला जे रस्ते येऊन मिळतात त्यांची नावं वाचत बसलं तर आख्खा इतिहासाचा पेपर सुटेल, अकबर रोड, शाहजहान रोड, अशोक रोड, कस्तुरबा गांधी मार्ग, आणि आपल्या लोकमान्यांचा टिळक मार्ग पण. सुप्रीम कोर्ट त्याच टिळक मार्गावर आहे. ज्या माणसाला कोर्टाने मंडालेला धाडलं त्याच्या नावाच्या रस्त्यावर देशाचं सगळ्यात मोठं कोर्ट, बाबांना ही गोष्ट फार आवडली, त्यांनी बोर्डाखाली उभं राहून फोटोच काढून घेतला.

आता खुद्द कमानीबद्दल. तिकीट नाही, गेट नाही, चोवीस तास बाहेरून दिसते. पण आत म्हणजे कमानीच्या खाली जाता येत नाही, भोवती अडवलेलं असतं, वर चढायचा तर प्रश्नच नाही. आत्याला हे पोचल्यावर कळलं. तिने साखळीपाशी उभं राहून पदर खोचला अन् म्हणाली, "इतला लांब उनू अन् वर चढता बी येस नही?" तिच्या डोक्यात मांडूच्या किल्ल्यासारखं काहीतरी होतं, जिने-बिने. मग मान वर करून बराच वेळ बघितलं अन् म्हणाली, "पण कितला मोठा शे रे हाऊ." एवढ्यावर समेट झाला.

कमान एडविन लुटियन्सने डिझाइन केली, ज्याने अख्खी नवी दिल्ली आखली तोच. १० फेब्रुवारी १९२१ ला ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते पायाभरणी झाली अन् १२ फेब्रुवारी १९३१ ला व्हाइसरॉय आयर्विनने उद्घाटन केलं, म्हणजे दहा वर्षं लागली. तेव्हा नाव इंडिया गेट नव्हतं, ऑल इंडिया वॉर मेमोरियल होतं. पहिल्या महायुद्धात अन् त्यानंतरच्या तिसऱ्या अफगाण युद्धात इंग्रजांच्या फौजेतून लढताना सत्तर हजारांहून जास्त हिंदुस्तानी सैनिक मेले, त्यांच्यासाठी हे स्मारक. वर मोठ्या अक्षरात इंडिया लिहिलंय अन् त्याच्या एका बाजूला रोमन आकड्यात १९१४, दुसऱ्या बाजूला १९१९. पोराला नुकतेच शाळेत रोमन आकडे शिकवलेले होते, त्याला म्हटलं वाच, तो एम म्हणजे हजार, सीएम म्हणजे नऊशे असं करत करत दहा मिनिटं वाचत बसला आणि शेवटी बरोबर आणलं. मुलं सोबत असतील तर हा खेळ करून बघा, मोबाईल न देता पोरगं दहा मिनिटं उभं राहतं.

वर माथ्यावर एक उथळ वाडग्यासारखा भाग आहे, खालून दिसत नाही. खास दिवशी त्यात तेल जाळून ज्वाळा दिसाव्या अशी मूळ कल्पना होती, पण तसं क्वचितच केलं गेलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो ती. लांबून बघितलं तर कमान पिवळट दगडाची साधी वाटते, पण जवळ आलं की कळतं भिंतींवर बारीक अक्षरं कोरलीयेत, ओळीवर ओळी, खालपासून वरपर्यंत. ती माणसांची नावं आहेत. तेरा हजारांच्या वर नावं. इंग्रजीत, रेजिमेंटप्रमाणे लावलेली. पहिल्या वेळी मला ही नक्षी वाटली होती, खरं सांगतो, लाज वाटते आता. साखळीच्या बाहेरून साध्या डोळ्यांनी वाचता येत नाही, म्हणून मोबाईलचा कॅमेरा झूम करा, नाहीतर छोटी दुर्बीण न्या, आम्ही नेली होती, पोराची जत्रेतली प्लॅस्टिकची नव्हे, बाबांची जुनी. आणि सकाळीच जा, कारण कमानीचं एक तोंड पश्चिमेला राष्ट्रपती भवनाकडे आहे अन् दुसरं पूर्वेला. सकाळचं ऊन पूर्वेच्या बाजूवर तिरपं पडतं तेव्हा कोरलेल्या अक्षरांना सावली येते अन् ती उठून दिसतात. दुपारी बारा वाजता डोक्यावर ऊन असताना दगड नुसता पांढरा पडतो, काही म्हणता काही वाचता येत नाही. सकाळी सात-साडेसातला गर्दी पण नसते, फक्त फिरायला आलेली दिल्लीची माणसं अन् कबुतरं.

आमच्यात एक जुनी गोष्ट चालत आलीये. आत्याच्या सासरच्यांपैकी कोणी एक जण पहिल्या लढाईत "बसऱ्याले" गेला अन् आलाच नाही, त्याच्या बायकोने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. आत्याला वाटलं इथे त्याचं नाव सापडेल. तासभर आम्ही झूम करून शोधलं. नाही सापडलं, अन् सापडणारच नव्हतं, हे घरी आल्यावर कळलं. म्हणून तुमच्या घरात अशी गोष्ट असेल तर आधीच समजून घ्या: या कमानीवर जी नावं आहेत ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर अन् तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्यांची आहेत. फ्रान्समध्ये, मेसोपोटेमियात, पूर्व आफ्रिकेत मेले त्यांचा वर शिलालेखात उल्लेख आहे, पण त्यांची नावं दुसरीकडे. फ्रान्सवाल्यांचं स्मारक तिकडे नव-शापेलला आहे, मेसोपोटेमियावाल्यांची नोंद इराकमधल्या बसरा मेमोरियलखाली. आपल्याकडची मराठा पलटणीतली कितीतरी माणसं मेसोपोटेमियात होती, कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकली होती, त्यामुळे आपल्या बाजूच्या घरांत "बसरा" हा शब्द जास्त ऐकू येतो.

शोधायचं कसं ते पण सांगतो, फुकट आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनची वेबसाइट आहे, त्यावर मेलेल्या सैनिकांची यादी शोधता येते. नाव टाकून शोधायला गेलात तर वैतागाल, कारण इंग्रज कारकुनांनी आपल्या नावांची स्पेलिंगं अशी केलीयेत की ज्याचं त्याला ओळखू येणार नाही. त्यापेक्षा अशी युक्ती करा, जास्तीच्या माहितीच्या रकान्यात गाव किंवा जिल्हा टाका. काही काही नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. अन् जिल्हा टाकताना जळगाव किंवा धुळे टाकू नका, तेव्हा ते जिल्हे याच नावाने नव्हतेच. १९०६ ला खान्देशचे दोन भाग झाले, पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम खान्देश म्हणजे धुळे-नंदुरबार. तर इंग्रजीत ईस्ट खान्देश, वेस्ट खान्देश असं टाका, नुसतं खान्देश टाका, त्याची पण दोन-तीन वेगवेगळी स्पेलिंगं करून बघा. हे घरून करून जा, म्हणजे ज्याचं नाव खरंच दिल्लीच्या कमानीवर आहे त्याची रेजिमेंट माहीत असेल अन् तिथे जाऊन नेमकं तेवढंच शोधता येईल. आत्यासाठी मी रात्री जागून शोधलं, त्या आडनावाचे दोन-तीन जण बसऱ्याच्या यादीत दिसले, पण आपलाच माणूस कोणता ते छातीवर हात ठेवून सांगता येईना. तिला ते सांगितलं तर म्हणाली, "शे ना पण यादीमा? मंग बस."

आता अमर जवान ज्योतीचं. चाळिशी ओलांडलेला प्रत्येक माणूस तिथे गेला की आधी ज्योत शोधतो. बाबा १९८६ साली पासवर दिल्लीला गेले होते, त्यांनी कमानीखाली उलटी रायफल, तिच्यावर हेल्मेट अन् पेटलेली ज्योत बघितली होती, अन् तेच डोक्यात. त्यांनी कमानीच्या चारी बाजूंनी चक्कर मारली, मग एका शिपायाला विचारलं, भाईसाब ज्योत कहां गयी. तर ती हलवलीये. १९७१ च्या युद्धानंतर २६ जानेवारी १९७२ ला इंदिरा गांधींच्या हस्ते ती तिथे पेटवली होती, पन्नास वर्षं जळली, अन् २१ जानेवारी २०२२ ला ती शेजारच्या नॅशनल वॉर मेमोरियलच्या ज्योतीत विलीन केली. रायफल-हेल्मेट पण तिकडेच नेलंय. यावर तेव्हा बरंच राजकारण झालं, कोणाचं बरोबर ते तुमचं तुम्ही ठरवा, मला एवढंच सांगायचंय की ज्योत बघायची असेल तर कमानीपाशी शोधत बसू नका, पूर्वेकडे मागे चालत जा.

मागे जाताना मधे दगडाची छत्री लागते. ती १९३६ ची, तिच्याखाली राजा पाचव्या जॉर्जचा पुतळा होता. तो १९६८ ला काढून कोरोनेशन पार्कात नेऊन ठेवला, अन् मग पन्नासेक वर्षं छत्री रिकामीच होती. मी कॉलेजात असताना गेलो तेव्हा रिकामीच बघितली, अन् खरं सांगू का ती रिकामी छत्री मला लै भारी वाटली होती, राजा गेला अन् जागा कोणालाच दिली नाही. आता तिथे नेताजींचा २८ फुटी काळ्या ग्रॅनाइटचा पुतळा आहे, ८ सप्टेंबर २०२२ ला बसवला, अरुण योगीराज यांनी घडवला, अयोध्येची रामलल्लाची मूर्ती करणारे तेच. अख्खा पुतळा एका दगडातून काढलाय. रात्री लाइट पडला की काळा दगड चमकतो, छान दिसतो.

त्याच्या मागे नॅशनल वॉर मेमोरियल. हे चुकवलं तर इंडिया गेट अर्धंच बघितलं असं समजा. २५ फेब्रुवारी २०१९ ला उघडलं, प्रवेश फुकट, बॅगची तपासणी होते, खायचं आत नेऊ देत नाहीत. वेळा उन्हाळ्यात अन् हिवाळ्यात वेगळ्या असतात, निघायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या. स्वातंत्र्यानंतर जे सैनिक गेले त्यांची नावं इथे आहेत, पंचवीस हजारांच्या वर. जमिनीच्या पातळीपेक्षा खोलगट बांधलंय, म्हणजे इंडिया गेटकडे बघताना नजर अडत नाही, लांबून तर ते आहे हेच कळत नाही. एकात एक चार गोल आहेत, अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र, रक्षक चक्र. मधल्या अमर चक्रात खांब अन् ज्योत. वीरता चक्रात लढायांची ब्राँझची चित्रं. त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या छोट्या छोट्या पाट्या, विटेच्या आकाराच्या म्हणा, प्रत्येकीवर एक माणूस, नाव अन् पलटण. बाहेरचा रक्षक चक्र म्हणजे नुसती झाडांची रांग.

इथे मात्र नावं हाताला लागतील एवढी जवळ आहेत. आमच्या पुढे एक बाई होत्या, कुठल्या माहीत नाही, राजस्थानकडच्या वाटल्या, त्या एका पाटीपाशी थांबल्या, पदराने ती पाटी पुसली, जशी आपण घरातली तसबीर पुसतो तशी, कपाळ टेकवलं अन् पुढे गेल्या. आमच्यापैकी कोणी काही बोललं नाही नंतर बराच वेळ. पोराने पण विचारलं नाही.

बाजूलाच परम योद्धा स्थळ आहे, तिथे परमवीर चक्र मिळालेल्या २१ जणांचे अर्धपुतळे आहेत. घाईत लोक हा भाग सोडून देतात, तुम्ही सोडू नका. सोबत मुलं असतील तर आधी घरी दोन-तीन जणांच्या गोष्टी सांगून न्या, नाहीतर त्यांना सगळे पुतळे सारखेच वाटतात. संध्याकाळी सूर्यास्ताच्या सुमाराला रिट्रीटचा कार्यक्रम असतो, झेंडा उतरवतात, हारांचा कार्यक्रम पण करतात, त्या वेळेला धरून पोचा अन् अर्धा तास आधी जागा पकडा. तिथे जोरात बोलू नका, रील तर काढूच नका, एका पोराला जवानाने जे नुसतं बघितलं ना, त्याने मोबाईल खिशात टाकून दिला.

कार्यक्रम संपला की मग परत कमानीकडे या. अंधार पडला की लाइट लागतात, कमान पिवळी होते, कधी तिरंग्याचे रंग टाकतात. ही वेळ फोटोची. कर्तव्य पथाच्या बाजूने, जरा लांबून काढा, पूर्ण कमान फ्रेममध्ये येते, जवळून काढलात तर माणूस बुटका अन् कमान वाकडी येते. सकाळी त्याच बाजूने काढलात तर सूर्य कमानीच्या मागून येतो अन् सगळं काळं येतं, ते कलाकारीसाठी ठीक आहे पण आईच्या व्हॉट्सॅप डीपीला चालत नाही. जागेवरच फोटो काढून प्रिंट देणारे फिरत असतात, आधी भाव ठरवा अन् किती प्रिंट ते पण ठरवा, आमच्या आत्याने "एकच" म्हटलं अन् हातात सहा आले. ड्रोन-बिन चुकूनही नको.

संध्याकाळची गर्दी म्हणजे आपल्या यात्रेसारखी असते, विशेषतः शनिवार-रविवारी. फुगे, लाइटवाली शिंगं, आइस्क्रीमच्या गाड्या. पूर्वी हिरवळीवर चादर टाकून लोक जेवायचे, आता विक्रेत्यांना ठराविक जागा दिल्यात अन् हिरवळीवरून हाकलतात पण. संडासाची सोय आधीपेक्षा बरीच सुधारलीये, म्हाताऱ्या माणसांसाठी हे आधी सांगायला पाहिजे होतं खरं तर. सोबतच्या मुलाच्या खिशात तुमचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आमचा पाच मिनिटं हरवला होता, त्या पाच मिनिटांचं मी इथे लिहीत नाही.

भूक लागली तर महाराष्ट्र सदन जवळच आहे, नवीन सदन कस्तुरबा गांधी मार्गावर आणि जुनं कोपर्निकस मार्गावर, दोन्ही इंडिया गेटपासून चालत जाता येतील एवढ्या अंतरावर. तिथल्या कँटीनमध्ये मराठी जेवण मिळतं. शेवभाजीची अपेक्षा ठेवू नका, आत्याने ठेवली होती, अन् मिळालेल्या भाजीकडे बघून "हाई गोड शे" एवढंच म्हणाली. म्हणून ठेच्याची बाटली सोबत असू द्या.

हाताशी वेळ असेल तर षटकोनी रस्त्यावरच जयपूर हाउसमध्ये नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे, जनपथवर नॅशनल म्युझियम आहे, दोन्ही सोमवारी बंद, त्यामुळे सोमवार इंडिया गेटला अन् बाकीचे दिवस म्युझियमला असं गणित बसवा. अग्रसेनची बावडी पण जवळ आहे, आपल्याकडच्या बारवेसारखी पण खूप लांबट, पायऱ्याच पायऱ्या. परतीची गाडी निजामुद्दीनची असेल तर हुमायूनचा मकबरा वाटेतच पडतो, तिथे दोन तास सहज जातात.

परतीला गाडी पकडायच्या आधी बाबांनी रिक्षा परत एकदा इंडिया गेटवरून न्यायला लावली, थांबता येत नाही म्हणून चालत्या रिक्षातूनच बघितलं. दशम्या संपल्या होत्या, मथुरेला पेढे घेतले, भुसावळ येईपर्यंत त्यातला एकही उरला नाही.